नवे छप्पर घालताना जुनी पन्हळ ठेवावी की बदलावी?

कौले उतरवून पत्रा घालायचे ठरले की हिशेब होतो तो पत्र्याचा, लोखंडी पाइपचा आणि मजुरीचा. पन्हळीची आठवण होते पत्रा चढल्यावर, आणि मग "चांगली आहे की, तीच अडकवू" असे म्हणून जुनी परत लावली जाते. पण पन्हळीचे ब्रॅकेट वाशाच्या किंवा पर्लिनच्या (पत्रा ज्यावर स्क्रूने बसतो त्या आडव्या पाइपच्या) टोकाला, पत्र्याच्या कडेखाली बसतात. पत्रा एकदा स्क्रूने आवळला की तिथे ड्रिल शिरत नाही. मग कोणी ब्रॅकेट भिंतीत ठोकतो, कोणी पत्र्याच्या कडेलाच रिव्हेट मारून पन्हळ लटकवतो, आणि भरलेल्या पन्हळीच्या वजनाने ती कड वाकते. म्हणून हा निर्णय पत्र्याची ऑर्डर देण्याआधी घ्यायचा.

दुसरी गोष्ट, पन्हळ किती जुनी यापेक्षा नवी वळचण, म्हणजे छपराची खालची कड, कुठे येणार हे आधी बघा. जुने वासे तसेच ठेवून वर पत्रा टाकणार असाल तर कड साधारण पूर्वीच्याच जागी राहते. लाकूड काढून लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) बसवणार असाल तर उतारही बदलतो आणि कडही पुढे-मागे, खाली-वर सरकते. पत्र्याची कड पन्हळीत साधारण 2 इंच आत यायला हवी. त्याहून खूप पुढे आली तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून अंगणात पडते; कमी आली तर पत्र्याच्या खालच्या बाजूने मागे वळून भिंतीवर उतरते. शिवाय कौलावरून पाणी अडत-थबकत येते, पत्र्यावरून ते सुसाट येते. कौलाखाली वर्षानुवर्षे नीट चाललेली 4 इंची पन्हळ पत्र्याखाली पहिल्याच वळवात ओसंडते. त्यात पन्हळीचा काही दोष नसतो.

आधी जुनी तपासून घ्या

ही तपासणी कौले उतरवण्याआधी करायची. उतरवताना मजूर पन्हळीवर पाय देतात, कौले तिच्यावर निसटतात; नंतर कोणता पोचा जुना आणि कोणता कालचा ते कळत नाही.

पत्र्याची पन्हळ असेल तर आतला गाळ काढा आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक तळाला, जोडावर आणि ब्रॅकेट टेकते तिथे दाबून बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो. टोक आत गेले, किंवा दाबल्यावर पापुद्रे सुटले, तर तेवढा भाग गेला. पन्हळ सडते ती बहुधा ब्रॅकेटच्या वर आणि जोडाच्या खालच्या बाजूला, कारण तिथे ओल दिवसचे दिवस टिकते. पीव्हीसीची असेल तर अंगठ्याने कड दाबा. लवून परत जागेवर आली तर ठीक. करकरली, किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली, तर उन्हाने ती ठिसूळ झाली आहे आणि काढताना क्लिपपाशी हमखास तुटणार.

मग वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. पाणी कुठे तुंबते, कुठल्या जोडातून गळते, ते खडूने खूण करून ठेवा. तुंबणे हा उताराचा प्रश्न आहे, ब्रॅकेट खाली-वर केले की सुटतो. गळणे हा जोडाचा. तळ सडणे याला मात्र इलाज नाही.

दुरुस्ती कधी परवडते

वळचण जागची हलत नाही, पन्हळ पुरेशी रुंद आहे, तिचा पत्रा 22 किंवा 24 गेजचा, म्हणजे जाड आहे आणि 30 फुटांच्या लांबीत एक-दोन जोडच गळत आहेत, तर दुरुस्ती करावी. पन्हळ आधी उतरवून तुकड्यांवर क्रमांक टाका. जोड उघडा, तारेच्या ब्रशने गंज काढा, झिंक प्रायमर लावा. जोडाचा चढ, म्हणजे एका तुकड्यावर दुसरा येतो तो भाग, निदान 2 इंचांचा हवा आणि वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत बसायला हवा. उलटा चढ कितीही सीलंट भरले तरी गळतो. दोन पत्र्यांच्या मध्ये सीलंट, मग रिव्हेटच्या दोन ओळी. सीलंट घेताना न्यूट्रल क्युअर मागा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते जस्ताचा थर खाते, आणि पुढची गळती त्याच जोडातून सुरू होते.

गळक्या जागी वरून डांबर थापणे ही दुरुस्ती नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात ते भेगाळते आणि पुढच्या वर्षी नीट जोड करायचा म्हटले तर खरवडून निघत नाही.

दुरुस्तीच्या खर्चात एक गोष्ट लोक धरत नाहीत: परांची. छपराच्या कामासाठी ती बांधलेलीच असते. जुनी पन्हळ आणखी दोन-तीन वर्षे चालवून मग बदलायची, तर परांची आणि मजुरी नव्याने द्यावी लागेल, वर नव्या पत्र्याच्या कडेचे स्क्रू सैल करावे लागतील. म्हणून जुनीचे आयुष्य आठ-दहा वर्षे उरले आहे असे वाटत नसेल तर आमचा कौल बदलण्याकडे आहे.

बदलायची तर केवढी

30 फूट लांब आणि 20 फूट रुंद घर धरा, दोन पाखी, म्हणजे दोन बाजूंना उतार. एका पन्हळीला 300 चौरस फूट, म्हणजे सुमारे 28 चौरस मीटर छपराचे पाणी. 10 मिमी पावसात ते 280 लिटर होते. ताशी 100 मिमीच्या जोराने सर आली तर मिनिटाला 46 लिटर. त्या जोराला 75 मिमीचा उभा पाइप साधारण 20 चौरस मीटरला पुरतो आणि 100 मिमीचा 40 चौरस मीटरला. म्हणजे या पन्हळीला दोन टोकांना 75 मिमीचे दोन, नाहीतर एका टोकाला 100 मिमीचा एक. पन्हळ 6 इंची ठेवून खाली 50 मिमीचा पाइप जोडलेला सर्रास दिसतो. तिथे दोष पन्हळीला लागतो आणि अडते पाइपात.

आटपाडी, जत, दहिवडीकडचे लोक म्हणतात, आमच्याकडे पाऊसच किती, 4 इंची बास. पण पन्हळीचे माप वर्षाच्या पावसावर ठरत नाही, सरीच्या जोरावर ठरते, आणि वळीव तिकडेही झोडपतोच. उलट महाबळेश्वर, मेढा, पाटण, शिराळा या पट्ट्यात पाऊस महिनोन्महिने चालतो, पन्हळीत पालापाचोळा आणि शेवाळ साचून राहते. तिथे रुंदीइतकेच महत्त्व पत्र्याच्या जाडीला आणि हात घालून साफ करता येण्याला.

पत्रा की पीव्हीसी

फॅब्रिकेटरकडून वाकवून घ्यायची तर 4 फूट रुंद सपाट पत्र्याच्या तीन पट्ट्या निघतात, प्रत्येकी 16 इंच. तळ 5 इंच, मागची बाजू साडेपाच, पुढची साडेचार आणि उरलेला 1 इंच कड दुमडायला. पुढची बाजू मागच्यापेक्षा बुटकी हवीच. पन्हळ कधीतरी तुंबणार हे धरून चालावे. तुंबल्यावर पाणी अंगणात पडावे, भिंतीत जाऊ नये. ब्रॅकेट दर अडीच-तीन फुटांवर.

पीव्हीसी गंजत नाही, हलकी असते, घरच्या माणसालाही बसवता येते. पण ऊन-थंडीने ती बरीच हलते: तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर 30 फुटांत जवळपास पाऊण इंच. लोखंडी पत्रा तेवढ्यात सव्वातीन मिमी हलतो. म्हणून पीव्हीसीचे जोड सोल्यूशनने सलग चिकटवत गेले तर कुठेतरी तडा जातो. रबर असलेले जोड वापरा आणि त्यांत हलायला जागा सोडा. ब्रॅकेट दर 2 फुटांवर. माकडांचा वावर असलेल्या गावात पीव्हीसीच्या वाटेला जाऊ नये.

उतार दोन्हींना सारखाच: 10 फुटांना अर्धा इंच. 30 फुटांना एकाच टोकाला पाइप असेल तर दीड इंच; दोन्ही टोकांना असेल तर मधून दोन्हीकडे पाऊण-पाऊण. दोन टोकांचे ब्रॅकेट पाण्याच्या नळीने लेव्हल काढून बसवा, मध्ये दोरी ताणा, मग बाकीचे.

जिथे दुरुस्तीचा विचारच नको

दोन पाख्यांच्या मधली किंवा छप्पर आणि शेजारच्या भिंतीमधली पन्हळ. ही गळली तर पाणी थेट घरात. छप्पर उघडले आहे तोवर ती नवी, जाड पत्र्याची आणि पाय ठेवून साफ करता येईल इतकी, निदान 12 इंच रुंद करून घ्या. जुन्या सिमेंट पत्र्याबरोबरची सिमेंटची पन्हळही ठेवू नये. ती ओली करून अख्खी उतरवा, ग्राइंडरने कापू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. आणि नवी वळचण हद्दीबाहेर जाऊन पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार असतील तर जुनी पन्हळ कितीही धड असो, आखणीच नव्याने करावी लागेल.

पत्रा बसवून झाला की त्याच संध्याकाळी पन्हळ झाडून घ्या. ड्रिलचा कीस आणि कटरची लोखंडी भुकटी पन्हळीत उतरते. पहिल्या दवात ती गंजते आणि नव्या पत्र्यावर डाग पाडून तिथूनच खायला लागते.

यंदा पन्हळीला पैसेच उरत नसतील तरी ब्रॅकेट मात्र पत्र्याआधी बसवून घ्या, उतारासह. नुसते ब्रॅकेट वर्षभर राहिले तर काही बिघडत नाही. पन्हळ पुढच्या मेमध्ये शिडीवरूनही चढते.