ओटीपी सांगितला आणि लेकीची शाखा गेली

सांगलीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लेक सहावीपासून दुकानात येऊन बसायची. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटरी यायच्या. स्टेटरमधली, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागातली, काळी पडलेली तार उपसायची, वेढे मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे तिचं काम. तिला इंजिनिअरिंगला इलेक्ट्रिकलच करायचं होतं. गेल्या वर्षी सीईटीला 91 पर्सेंटाईल पडले आणि जो तो सांगायला लागला, कॉम्प्युटर घ्या, बाकी शाखांना आता विचारतंय कोण. आम्ही नवरा-बायको गांगरलो.

विश्रामबागेत प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एका कौन्सिलरकडे गेलो. पोलिसांत अर्ज दिलाय म्हणून नाव लिहीत नाही. त्यानं 3,500 रुपये घेऊन लेकीच्या दहाही बोटांचे ठसे मशीनवर घेतले. उजवा अंगठा उमटेना. वॉर्निशनं कातडी खरखरीत झाली होती, तीन वेळा पुसायला लागला. दोन दिवसांनी रंगीत रिपोर्ट मिळाला, चाळीस पानांचा. त्यात होतं की कॉम्प्युटर आणि एआय योग्य, यंत्रांचं काम टाळावं. ज्या अंगठ्यावर वॉर्निश बसलंय, त्याच अंगठ्यावरून हे काढलं! बोटांच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, त्यावरून मुलाचा कल कळतो याला शास्त्राचा आधार नाही, हे तिच्या फिजिक्सच्या सरांनी सांगितलं. पण तोवर उशीर झाला होता.

कारण मी पुढचे 15,000 रोख भरले होते. "काका, ऑप्शन फॉर्मचं आमच्यावर सोडा." म्हणजे कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमानं भरायचा ऑनलाइन फॉर्म. लॉगिन आणि पासवर्ड त्याच्याकडे दिला. लेकीनं आपल्या पसंतीची कॉलेजं कागदावर क्रमानं लिहून दिली होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक उभं, माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न. "काका, ओटीपी आलाय तो पटकन सांगा, साईट बंद होतेय." मी आकडे वाचून दाखवले. फॉर्म कन्फर्म झाला, आणि आम्ही तो एकदाही बघितला नव्हता.

पहिल्याच फेरीत जागा लागली. लांबच्या एका नव्या कॉलेजात, एआय अँड डेटा सायन्सला. प्रिंट काढली तेव्हा कळलं, ते कॉलेज एक नंबरला टाकलेलं आणि लेकीनं लिहून दिलेली इलेक्ट्रिकलची सगळी कॉलेजं अकराव्या नंबरच्या खाली. कॅपमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांमध्ये, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत तुम्हाला धरतच नाहीत. त्याच ऑफिसात ओळख झालेल्या आणखी दोन पालकांना फोन केला. त्यांच्या मुलांच्या फॉर्मवरही एक नंबरला तेच कॉलेज.

शाखेला मी नाव ठेवत नाही. ज्याला गणित, संख्याशास्त्र आणि कोडिंग आवडतं त्यानं ती जरूर घ्यावी. माझ्या लेकीला ती नको होती, एवढंच. आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज त्या ऑफिसपासून लांब नाही. मी त्याच्या गेटवर उभं राहून इलेक्ट्रिकलच्या एखाद्या पोराला चहा पाजून विचारलं असतं, तर ट्रान्सफॉर्मर आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हसोबत त्यांनाही प्रोग्रॅमिंग असतं हे तिथंच कळलं असतं. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साईटवर फुकट आहेत, कॉलेजवार, शाखावार, प्रवर्गवार. लेकीनं ते नंतर दोन तासांत वाचून काढले. 91 म्हणजे 91 टक्के गुण नव्हेत, शंभरातल्या साधारण नव्वदांच्या पुढे आहोत एवढाच त्याचा अर्थ, हेही मला तेव्हा समजलं.

ऑफिसला आता कुलूप आहे. पैसे रोख, पावती नाही, आणि ओटीपी तर मीच सांगितलेला.

लेक सध्या त्याच कॉलेजात आहे. दुसऱ्या वर्षी जागा रिकामी राहिली तर गुणांवर शाखा बदलून मिळते, म्हणून पहिल्या वर्षाचा अभ्यास जिवापाड करतेय. सुट्टीला आली की दुकानात असते. तुमच्या पोराचा फॉर्म भरायचा असेल तर कन्फर्म करायच्या आधी प्रिंट घेऊन दुकानात या. ती शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवेल.