साइडमाउंटसाठी घेतलेली रेग्युलेटरची जोडी: एका हंगामाच्या वापरानंतर

स्कूबा डायव्हिंगमध्ये साइडमाउंटसाठी, म्हणजे हवेच्या टाक्या पाठीऐवजी कुशींना लावून उतरण्यासाठी, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं यंत्र) घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं: श्वास किती हलका येतो हे नंतर बघा, आधी प्रत्येक होस (हवेची नळी) कुठून निघून कुठं जाणार ते कागदावर काढा. आजच्या कुठल्याही चांगल्या बॅलन्स्ड (टाकीतला दाब उतरला तरी श्वास सारखाच देणाऱ्या) रेग्युलेटरमधून आपल्या किनाऱ्याच्या खोलीवर श्वास हलकाच येतो. होस चुकीच्या दिशेला निघाली, तर मात्र ती सगळा डाइव्ह मानेला आणि जबड्याला ओढत राहते.

मी बेळगावचा, काम तिथल्या उद्यमबाग औद्योगिक भागात हायड्रॉलिक्सचं. पाऊस सरला की आंबोली घाट उतरून तारकर्ली-मालवण, नाहीतर कारवारच्या बाजूनं खाली मुर्डेश्वर गाठून नेत्राणी बेट. ऑक्टोबर ते मे हा सेट या पाण्यात वापरला, त्यावरून लिहितो आहे.

नवा सेट घरी उघडला तेव्हा बाबांनी विचारलं, "एक पुरतंय की, दोन कशाला?" प्रश्न बरोबर आहे आणि साइडमाउंटचं सगळं मर्म त्याच्या उत्तरात आहे. पाठीवर एक टाकी घेण्याऐवजी दोन्ही कुशींना एकेक टाकी, प्रत्येकीला स्वतःचा फर्स्ट स्टेज (टाकीवर बसून हवेचा दाब उतरवणारा भाग), सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) आणि गेज (टाकीतला दाब दाखवणारं). एकीचं काही बिघडलं तरी दुसरीतली हवा तशीच शाबूत. ही पद्धत इंग्लंडमधल्या पाण्यानं भरलेल्या अरुंद गुहांत शिरणाऱ्यांनी १९६० च्या दशकात रूढ केली आणि पुढं फ्लोरिडाच्या गुहांत तिला आजचं रूप आलं. आपल्याकडे गुहा नाहीत, पण ज्याची कंबर टाकी पाठीवर घेऊन बोटीत उभं राहिल्यावर बोलते, त्याला टाक्या पाण्यात उतरून लावता येणं हेच मोठं सुख आहे.

मी एपेक्सचे दोन डीएसटी फर्स्ट स्टेज घेतले, सेकंड स्टेज एक्सटीएक्स ५०. दोन्ही बाजूंना एकच मॉडेल, कारण सुटे भाग एकच लागतात. डीएसटी डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) आणि सीलबंद आहे, म्हणजे समुद्राचं पाणी आतल्या स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. मालवणला लाटेनं वाळू ढवळून निघते, तिथं हे मला मोलाचं वाटतं. स्कूबाप्रोचा एमके२५ हा पिस्टनचा, भरपूर हवा देणारा, फिरत्या टरेटचा (होसेस जोडायचा फिरणारा भाग) आणि टोकाला पोर्ट (होस लावायचं भोक) असलेला फर्स्ट स्टेज, तोही साइडमाउंटवाल्यांचा आवडता. पण माझा कल सीलबंदकडे होता.

फिरता टरेट (तो डीएसटीलाही आहे) मला आवश्यक का वाटतो, हे नीट सांगतो, कारण आपल्या भागात मुद्दा इथंच अडतो. साइडमाउंटसाठी खरं तर डाव्या आणि उजव्या हाताचे वेगळे व्हॉल्व्ह असलेल्या टाक्या हव्यात, म्हणजे दोन्ही चाव्या बाहेरच्या बाजूला येतात आणि दोन्ही फर्स्ट स्टेज आरशातल्यासारखे बसतात. भाड्यानं मिळतात त्या टाक्यांचे व्हॉल्व्ह मात्र सगळे एकाच हाताचे. दोन्ही चाव्या बाहेर ठेवल्या तर एका व्हॉल्व्हचं तोंड पुढं येतं, दुसऱ्याचं मागं. टरेट फिरत असेल तर दोन्हीकडच्या होसेस तरीही हव्या त्या दिशेला वळवता येतात. पोर्ट जागच्या जागी पक्के असलेला फर्स्ट स्टेज अशा टाकीवर बसवून बघा, एक तरी होस काखेतून वाकडी बाहेर येतेच.

टाकीला जोडणी डिनची (आट्यांनी व्हॉल्व्हमध्ये बसणारी) घेतली. ती योकपेक्षा (व्हॉल्व्हला बाहेरून कसणाऱ्या पकडीपेक्षा) आटोपशीर बसते, काखेत टोचत नाही आणि कुठं आपटली तरी ओ-रिंग सहजी बाहेर येत नाही. काही टाक्यांच्या व्हॉल्व्हमध्ये एलन कीनं निघणारा इन्सर्ट असतो, तो काढला की आत डिनचे आटे मिळतात. हे काम मी सेंटरच्या माणसालाच करायला सांगतो, टाकी त्यांची आहे. इन्सर्ट नसेल तिथं योक अडॅप्टर लावावा लागतो. त्यानं लांबी वाढते, पण दुसरा इलाज नाही.

आता होसेस. उजव्या टाकीवर २ मीटरची लांब होस: टाकीवरच्या रबरी पट्ट्यांत दुमडून, छातीवरून डावीकडे, मानेमागून फिरून उजवीकडून तोंडात. जोडीदाराची हवा संपली तर हाच सेकंड स्टेज त्याला जायचा, म्हणून तोंडात नसेल तेव्हा तो उजव्या खांद्याच्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला) बोल्ट स्नॅपनं (खटक्याच्या हुकानं) अडकवलेला. डाव्या टाकीवर साधारण ६० सेंटीमीटरची आखूड होस, तिचा सेकंड स्टेज गळ्यातल्या रबरी कंठ्यात. एक्सटीएक्स ५० ची होस डावीकडून येईल असं तंत्रज्ञाकडून उलटवून घेता येतं, मी डावा तसाच करून घेतला. त्यामुळं वेगळा एल्बो (वळणाचा जोड) लागला नाही आणि होस सरळ ओठापर्यंत येते. सगळ्या सेटमध्ये पैसे वसूल झाल्यासारखं मला या एका बदलानं वाटतं. विंगमध्ये (तरंगण्यासाठी फुगवायच्या पिशवीत) हवा भरणारी इन्फ्लेटर होसही डाव्याच टाकीवरून.

बोल्ट स्नॅप होसला बांधताना नायलॉनची दोरी वापरा, धातूची कडी नको. अडकलं तर दोरी सुरीनं कापता येते. स्नॅप ३१६ ग्रेडच्या स्टीलचेच घ्या, साध्या स्टीलची स्प्रिंग खाऱ्या पाण्यात गंजून अडकते. टाकीची मान बगलेत धरून ठेवणारी बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) समुद्री दोरखंडाच्या दुकानातून आणा. मोटारसायकलच्या कॅरिअरचं रबर उन्हात आणि मिठात लवकर मरतं.

गेजच्या होस १५ सेंटीमीटरच्या, दोन्ही गेज टाकीलगत वर तोंड करून. इतकी आखूड होस ताठ असते, त्यामुळं गेजच्या फिरत्या सांध्यावर ताण येतो आणि तिथल्या इवल्या ओ-रिंगमधून बुडबुडे सुटतात. माझ्या उजव्या गेजला ते झालं. सुटा सांधा डब्यात ठेवाच. ओ-रिंगचे आकडेही लिहून ठेवा: लो प्रेशर पोर्टला ०११, हाय प्रेशरला ०१२, योकच्या तोंडाला ०१४. उद्यमबागेत या मापाच्या रिंगा कुठल्याही हायड्रॉलिकवाल्याकडे मिळतात, पण टाकीच्या तोंडाला ९० ड्युरोमीटरचीच (हे रबराच्या कडकपणाचं माप) मागा आणि ग्रीस सिलिकॉनचं वापरा, बेअरिंगचं नाही.

पाण्यात दर ३०-४० बारला रेग्युलेटर बदलतो, म्हणजे दोन्ही टाक्या जवळपास सारख्या उतरतात. ११.१ लिटरची अॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की शेपटीकडून वर तरंगते, मग खालचा स्नॅप कमरेच्या पुढच्या डी-रिंगवर सरकवायचा. सेकंड स्टेजमधून हवा भसाभस सुटू लागली तर त्या टाकीची चावी बंद करून श्वासापुरती उघडायची, हा सराव पोहण्याच्या तलावात इतका करा की हात आपोआप जाईल. हे सगळं प्रशिक्षकाकडून साइडमाउंटचा कोर्स करूनच. वाचून कुणी पाण्यात उतरू नये, हे मी मनापासून सांगतो.

आमच्याकडचा पावसाळा म्हणजे सगळीकडे ओल. सेट गोड्या पाण्यात भिजवताना धूळटोपी घट्ट आणि सेकंड स्टेजवरचं पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी होसमधून फर्स्ट स्टेजमध्ये चढतं. मग होसेसना मोठं वळण देऊन सावलीत टांगायचं. बांधून ठेवण्याआधी मी इंटरमीडिएट प्रेशर (फर्स्ट स्टेजमधून होसमध्ये येणारा दाब) मोजतो: ९-१० बारच्या दरम्यान काटा स्थिर राहिला पाहिजे. तो हळूहळू वर चढत असेल तर आतली सीट (हवा अडवणारा भाग) गेली, सर्व्हिसला पाठवायचा. मला गावात सर्व्हिस करणारं कुणी मिळालं नाही, सेट गोव्याला जातो. म्हणून घेण्याआधीच विचारा की या मॉडेलचा सर्व्हिस किट तुमच्या तंत्रज्ञाकडे असतो का.

हे मोजायचं गेज इन्फ्लेटर होसला जोडतात आणि ती फक्त डाव्या टाकीवर आहे, त्यामुळं उजवा तपासताना दरवेळी होस काढून लावावी लागते. शिवाय डावी टाकी बंद करावी लागली तर विंगमध्ये तोंडानं हवा भरणं एवढाच मार्ग उरतो. येत्या हंगामात उजव्या रेग्युलेटरवर दुसरी इन्फ्लेटर होस बसवून टाकीलगत बांधून ठेवणार आहे.