हाडा डाय: भिंत कुठे वाढते ते दाखवतो, किती वाढली ते विचारू नका

नाव हाडा, पण हाडांशी याचा काही संबंध नाही. डी-अमिनो अ‍ॅसिडला (नेहमीच्या एल-स्वरूपाच्या अमिनो अ‍ॅसिडचं आरशातलं रूप, बॅक्टेरियाच्या भिंतीत असतं) निळा चमकणारा रंग जोडलेला आहे, बॅक्टेरिया त्याला आपलंच सामान समजतात आणि सेल वॉलमध्ये बसवून टाकतात. हे असले डाय २०१२ मध्ये पहिल्यांदा पेपरात आले, आमच्याकडे आत्ता पोचले, असो. अँटिबायोटिक दिल्यावर वॉलची वाढ नेमकी कुठे बिघडते ते बघायला मागवला होता, आता बऱ्यापैकी वापरून झालाय म्हणून लिहितोय.

वापरायला सोपा आहे. पावडर डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायची, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे २० ला अंधारात ठेवायची. वाढणाऱ्या कल्चरमध्ये अर्धा ते एक मिनिट घातला, लगेच गार ७० टक्के इथेनॉलने थांबवलं, पीबीएस या खारट बफरने दोन-तीनदा धुतलं, झालं. ई. कोलाय हा माझा बॅक्टेरिया चांगल्या मीडियात २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे पल्स (डाय घालून ठेवायचा वेळ) लांबला की सगळी पेशीच निळी होते आणि नवीन काय जुनं काय काही कळत नाही, ही चूक मी पहिल्याच दिवशी केली.

पण जमलं की बघत बसावं असं दिसतं! मधोमध जिथे पेशी दुभंगणार तिथे लख्ख पट्टा, बाजूच्या भिंतीवर विखुरलेला उजेड, आणि दोन्ही टोकं काळी, कारण टोकांची भिंत एकदा बनली की तिथे नवीन माल जवळजवळ पडतच नाही. मग सेफालेक्सिन दिलं. ते मधला पडदा बांधणाऱ्या पीबीपी ३ या एन्झाइमला पकडतं (पीबीपी म्हणजे भिंत बांधणारी, पेनिसिलिन ज्यांना चिकटतं ती प्रोटीन्स), त्यामुळे पेशी तुटत नाहीत, नुसत्या लांबत जातात, दोऱ्यासारख्या, आणि अंगभर निळसर. मेसिलिनम दिलं तर उलटं, ते लांबी वाढवणाऱ्या पीबीपी २ ला धरतं म्हणून काड्यांचे चेंडू होतात. दोन्ही औषधं बीटा-लॅक्टमच, म्हणजे पेनिसिलिनच्या कुटुंबातली, पण कुणी कुठलं एन्झाइम धरलं त्यावर पेशीचा आकार ठरतो, हे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, डोक्यात बसलं ते स्क्रीनवर बघून.

अँपिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनचाच एक प्रकार, त्याच्या स्लाइडवर मधोमध फुगे आलेले दिसले. आतला दाब ट्यूबसारखा, भिंत टायरसारखी, टायरला चीर पडली की ट्यूब बाहेर येते तसंच. थोड्या वेळाने फुगा फुटतो आणि रिकामं कवच राहतं.

आता तक्रार. अँपिसिलिनने वॉल जोडायचं काम थांबलं म्हणजे निळा सिग्नलही बंद पडेल असं मला वाटलं होतं, तर नाही पडला, कमी झाला पण राहिला. दोन दिवस औषध खराब असेल म्हणून भांडत बसलो. मग लक्षात आलं, ई. कोलायमध्ये हा डाय बराचसा एल,डी-ट्रान्सपेप्टिडेज नावाच्या वेगळ्या एन्झाइमकडून बसतो, ते आधीच बनलेल्या भिंतीतही अमिनो अ‍ॅसिडची अदलाबदल करतं आणि अँपिसिलिन त्याला फारसं हातच लावत नाही. पेनिसिलिनची सगळी गंमत भिंतीतल्या अमिनो अ‍ॅसिडच्या साखळीच्या डी-अ‍ॅलनीन-डी-अ‍ॅलनीन या टोकासारखं दिसण्यात आहे, त्या टोकावर काम करणारं एन्झाइम फसतं आणि कायमचं अडकतं, पण डायला आत जायला दुसराही दरवाजा आहे. म्हणून उजेडाची तीव्रता मोजून 'वॉलची वाढ इतके टक्के घटली' असा ग्राफ कुणी दाखवला तर जरा शंका घ्या.

बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या बॅक्टेरियात गोष्ट वेगळी, तिथे डाय त्या साखळीच्या शेवटच्या पाचव्या जागी बसतो आणि डीएसीए जीनचं एन्झाइम तो कापूनही टाकतं, त्यामुळे साध्या स्ट्रेनमध्ये फिका, तो जीन काढलेल्यात झगझगीत.

तरी जुन्या उपायांपेक्षा बराच बरा. व्हँकोमायसिनला रंग लावून बघायची पद्धत आहे, पण ते स्वतःच औषध, ज्याची वाढ बघायची त्याचीच वाढ ते बिघडवतं, शिवाय ग्राम निगेटिव्हच्या (ई. कोलायसारखे, भिंतीबाहेर आणखी एक मेंब्रेन असलेले) बाहेरच्या मेंब्रेनमधून आत जात नाही. हाडा लहान आहे म्हणून जातो. याच कुटुंबातला लाल रंगाचा टाडा मोठा आहे, तो ई. कोलायवर घेऊ नका, ग्राम पॉझिटिव्हला (ज्यांना ते बाहेरचं मेंब्रेन नसतं) ठीक.

अजून एक, हाडा निळ्यात चमकतो म्हणजे डीएनए रंगवणाऱ्या डॅपीच्याच फिल्टरमध्ये, त्यामुळे डीएनए बघायला डॅपी सोबत घालता येत नाही, वेगळा रंग शोधा. आणि एल-स्वरूपाच्या अमिनो अ‍ॅसिडला हाच रंग जोडलेला कंट्रोल सोबतच मागवा, तो भिंतीत बसत नाही, त्यामुळे नुसता चिकटलेला रंग किती ते कळतं. मी काटकसर केली आणि नंतर सगळे प्रयोग परत केले.

पाचपैकी चार. एक स्टार त्या दोन दिवसांचा कापला, माहितीपत्रकात एल,डी-ट्रान्सपेप्टिडेजबद्दल एक ओळ टाकली असती तरी वाचले असते.