गाणी भरलेला मराठी स्पीकर : आवाज खणखणीत, गाणी अर्ध्याच महाराष्ट्राची

आईसाठी घेतला. दिसायला जुन्या रेडिओसारखा, गाणी आधीच भरलेली, इंटरनेट लागत नाही, बटण फिरवलं की गायक बदलतो. आवाज एक नंबर, कुकरच्या शिट्ट्या चालू असल्या तरी शब्द न् शब्द कळतो, चार्जिंगही मस्त टिकतं.

तक्रार आहे ती गाण्यांच्या यादीबद्दल. भावगीतं, नाट्यगीतं, अभंग भरभरून. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी आहेत, असायलाच पाहिजेत, पण त्याच माणसाने त्याच आवाजात गायलेली बाबासाहेबांवरची भीमगीतं कुठेच नाहीत! भीमगीतं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या वामनदादा कर्डकांचं तर नावच नाही. १४ एप्रिलला गल्लोगल्ली जे वाजतं ते डब्यावर छापलेल्या ‘महाराष्ट्राच्या सदाबहार गाण्यां’त बसत नाही का? कारण कळतं, कंपनी आपल्याकडे हक्क असलेलीच गाणी भरते आणि भीमगीतं बरीचशी छोट्या कॅसेटवाल्यांनी काढली, पण मग हक्क विकत घ्या ना, आमच्याकडून हजारात पैसे घेताच की.

लावणीचं पण तेच, बटण दाबलं की सगळ्या सिनेमातल्याच. सुलोचनाबाई चव्हाण म्हणजे माझा जीव की प्राण, त्या आहेत म्हणून खूप बरं वाटलं, पण बसून गायची बैठकीची लावणी अदेसकट (हावभावांसकट) जपणाऱ्या वाईच्या यमुनाबाई वाईकर नाहीत, ज्यांना २०१२ ला पद्मश्री मिळाली. हे आजचं नाही. १९०२ ला कलकत्त्यात रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा घरंदाज बायका गायला पुढे येत नव्हत्या, गौहरजानसारख्या तवायफांनी कंपन्यांचा धंदा उभा करून दिला, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने अशाच बायकांना चारित्र्याचं कारण देऊन दार बंद केलं. आवाज कसा आहे ते नंतर, आधी बाई कुठल्या घरची ते विचारायचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं आमच्या गावात तमाशा आला की बायकांना जाऊच द्यायचे नाहीत, मग आम्ही ऐकणार कुठून.

मागे पेनड्राइव्हची सोय आहे, ती फार कामाची. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीजवळच्या स्टॉलवर भीमगीतं मिळतात, ती टाकली, आता आई सकाळी तीच लावते. घेताना पेनड्राइव्ह दुकानातच लावून बघा. मशीनला ५ पैकी ४, गाण्यांना २.