सीएनसी लेथचं सिम्युलेटर, दोन बॅच वापरून झाल्यावर

दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली तर सगळ्या संगणकांवर एकच पाटी: लायसन्स अवैध, सिस्टिमच्या वेळेत फेरफार. विक्रेत्याच्या सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला, डोंगल (संगणकाला लावायची लायसन्सची चावी) गेलं, नवीन घ्या. किंमत मूळ लायसन्सच्या जवळजवळ निम्मी. डोंगलला काहीही झालेलं नव्हतं. ते ज्या संगणकाला लावलंय त्याच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. मेन स्विच बंद असताना संगणकाचं घड्याळ याच सेलवर चालतं. सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि लायसन्स तपासणाऱ्या प्रोग्रामला वाटतं, मुदत वाढवायला कुणीतरी तारीख मुद्दाम मागे घेतली.

उपाय असा. सेल बदला, बायोसमध्ये तारीख-वेळ नीट करा, मग विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन डोंगलची सर्व्हिस रीस्टार्ट करा. तरी कुलूप निघालं नाही तर विक्रेत्याकडून अनलॉक कोड मागावा लागतो. तो फुकट असतो, पण फोनवर कुणी कबूल करत नाही. ईमेलवर लेखी मागितला की मिळतो. भोसरीत गुरुवारी सुट्टी, विक्रेत्याचं ऑफिस रविवारी बंद, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस असेच जातात. सेलचा खर्च दोन वडापावांएवढा.

सिम्युलेटरचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे ते पिवळ्या डोंगलवरून ओळखतील. फानुक कंपनीच्या कंट्रोलसारखा पॅनल, दोन अक्ष, आठ टूलचा टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं), हे सगळं ब्रोशरमध्ये आहेच.

खरी तक्रार पॉइंटची आहे. दशांशाचा पॉइंट.

सिम्युलेटरमध्ये 'जी०० एक्स५० झेड२' (जी०० म्हणजे रॅपिड, पूर्ण वेगाची हालचाल) असं पॉइंटशिवाय लिहिलं तरी टूल गुमान ५० मिमी व्यासावर, फेसच्या, म्हणजे जॉबच्या समोरच्या तोंडाच्या, २ मिमी पुढे येऊन उभं राहतं. हिरवा टिकमार्क, पोरगं खूश. खऱ्या फानुक कंट्रोलवर, नेहमीच्या सेटिंगमध्ये, पॉइंट नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, धरला जातो. एक्स५० म्हणजे ०.०५० मिमी, झेड२ म्हणजे ०.००२ मिमी. टूल रॅपिडने थेट सेंटरकडे निघतं. नवीन बिलेटवर फेसिंगसाठी दीड-दोन मिलिमीटर मटेरियल शिल्लक असतं, तेव्हा इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) रॅपिड स्पीडलाच त्यात घुसतो. इन्सर्ट गेला तर गेला, सीएनएमजी प्रकाराच्या इन्सर्टला चार कडा असतात, दुसरी वापरता येते. पण सोबत टूल होल्डर वाकतो, टरेटचं अलाइनमेंट हलतं, आणि मग डायल लावून ते परत सरळ करण्यात अख्खी शिफ्ट जाते. चाकणच्या कुठल्याही शॉपमध्ये नवीन ऑपरेटरला पहिल्या आठवड्यात एकटं मशीनवर सोडत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे वागणं कंट्रोलच्या पॅरामीटर ३४०१ मधल्या शून्याव्या बिटवर ठरतं. त्याचं नाव डीपीआय. ते ० असेल तर सर्वांत लहान एकक, म्हणजे मायक्रॉन. १ असेल तर सरळ मिलिमीटर. काही मशीन बिल्डर ते १ करून देतात. त्यामुळे एकाच शॉपमध्ये शेजारशेजारच्या दोन मशीनवर तोच प्रोग्राम दोन तऱ्हेने चालू शकतो. सीमेन्सच्या कंट्रोलवर पॉइंट नसला तरी मिलिमीटरच धरतात, आणि सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी बहुधा तीच सवय उचलली आहे. पण वर फानुकचा पॅनल रंगवायचा आणि आत वागायचं दुसऱ्यासारखं, हे शिकवण्याच्या साधनाला शोभत नाही.

उलट बाजूही तितकीच वाईट. काही पत्त्यांना, म्हणजे आकड्याआधीच्या अक्षरांना, पॉइंट चालतच नाही. एम२० बाय १.५ पिचचा आटा घ्या. आटे पाडणाऱ्या जी७६ च्या दुसऱ्या ओळीत एक्स१८.१६, पी९२०, क्यू२००, एफ१.५ येतं. पी म्हणजे आट्याची उंची, ०.६१३४ गुणिले पिच, म्हणजे ०.९२ मिमी, ती मायक्रॉनमध्येच लिहायची. पहिल्या कटाची खोली, क्यू, तीही तशीच. तिथे पी०.९२ लिहिलं तर खरं मशीन ००७ नंबरचा अलार्म देऊन थांबतं. सिम्युलेटर तेही गोड मानून घेतं आणि सुंदर आटा काढून दाखवतं. जी०४ च्या ड्वेलमध्ये (टूल जागेवर थांबवण्यात) पी२००० म्हणजे दोन सेकंद, तिथेही पॉइंट नाही. थोडक्यात एक्स, झेड, यू, डब्ल्यू, आर, एफ यांना पॉइंट द्यायचा. एन, पी, क्यू, एस, टी यांना नाही. एवढं कागदावर लिहून प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. कागदाला लायसन्स लागत नाही.

इथपर्यंत लिहून झाल्यावर विक्रेत्याच्या टेक्निकल माणसाचं उत्तर आलं, आणि मत थोडं बदलावं लागतंय. सोय आहे. सेटिंग्जमध्ये 'मशीन बिल्डर' नावाचं पान आहे, त्याला पासवर्ड आहे, आणि आत 'कॅल्क्युलेटर पद्धतीची संख्या' असा चौकोन आहे. त्याची खूण काढली की एक्स५० चे खरोखर पन्नास मायक्रॉन होतात आणि टूल लाल होऊन जॉबवर आपटतं. जी७६ मधल्या पॉइंटलाही मग अलार्म येतो. म्हणजे बनवणाऱ्यांना हे माहीत होतं! मग डिफॉल्ट उलटं का? उत्तर मिळालं, नवशिक्यांना सोपं जावं म्हणून. नवशिक्यालाच तर पहिल्या दिवसापासून पॉइंटची सवय लावायची असते.

शिवाय हे सेटिंग विंडोजच्या यूजर प्रोफाइलमध्ये साठतं. लॅबच्या संगणकांवर रीस्टार्टला सगळं पुसून टाकणारं सॉफ्टवेअर असेल तर दुसऱ्या दिवशी चौकोनातली खूण परत हजर. ते संरक्षण आधी बंद करा, प्रत्येक यूजरमध्ये लॉगिन करून खूण काढा, सिम्युलेटर नीट बंद करा (बंद करतानाच फाइल लिहिली जाते) आणि मग संरक्षण चालू करा.

आता जे आवडलं ते. ऑफसेटचा (माप पाहून टूलची जागा दुरुस्त करण्याचा) सराव यात इतका चांगला आहे की बाकीचं बरंचसं माफ. जॉब झाल्यावर स्क्रीनवरच्या मायक्रोमीटरने माप घेता येतं आणि सॉफ्टवेअर मुद्दाम थोडा फरक टाकतं. समजा ४० एच७ (लहान एच) शाफ्ट आहे, मर्यादा शून्य ते उणे २५ मायक्रॉन. माप आलं ४०.०३०. मध्यावर, म्हणजे ३९.९८८ ला आणायचं तर ४२ मायक्रॉन कमी करायचे. वेअरच्या (टूलच्या झिजेच्या) रकान्यात आधीच उणे ०.०३० असेल तर तिथे दोन बटणं दोन वेगळी कामं करतात. 'प्लस इनपुट' दाबलं तर बेरीज होऊन उणे ०.०७२ होतं, ते बरोबर. नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून उणे ०.०४२ बसतो, प्रत्यक्षात १२ मायक्रॉनच कमी होतात आणि जॉब ४०.०१८ वर अडकतो. हा घोटाळा मशीनवर शिकवायचा तर दर वेळी एक जॉब आणि पाऊण तास लागतो. इथे पाच मिनिटांत होतो, पाहिजे तितक्या वेळा.

टूल नोज कॉम्पेन्सेशनही (टूलच्या गोल टोकाची भरपाई) खरं दाखवतं. ०.८ त्रिज्येच्या इन्सर्टने ती भरपाई चालू करणारा जी४२ न देता ४५ अंशांचा २ मिमी चॅम्फर (तिरकी कड) काढला तर तो मापाला १.५३ भरतो, आणि सिम्युलेटरमध्येही तेवढाच भरतो. व्यास आणि फेस बरोबर येतात म्हणून पोरांना पटत नाही. टेपर आणि रेडियसवर गेलं की पटतं. टिप नंबर (टोकाची दिशा सांगणारा आकडा) ३ ऐवजी २ टाकला तर चुकीचा आकार येतो, तोही दिसतो.

जी९६ मध्ये (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) मात्र सिम्युलेटर आंधळं आहे. कटिंग स्पीड १८० दिला तर ५० व्यासावर साधारण ११४६ आरपीएम होतात, फेसिंग करत १० व्यासावर आलं की ५७३०. म्हणून आधी जी५० ने कमाल आरपीएम बांधून घ्यायचे. सिम्युलेटरमध्ये जी५० विसरलं तरी काही होत नाही. खऱ्या मशीनवर जॉमधली (जॉब धरणाऱ्या जबड्यांमधली) पकड सुटून जॉब दरवाज्यावर येऊ शकतो. जॉचं प्रेशर, चॅटरिंग (कापताना होणारी थरथर), टूलला गुंडाळलेल्या लांब चिप्स, हे तर कुठल्याच स्क्रीनवर येणार नाही, त्याबद्दल तक्रार नाही.

सिम्युलेटरसोबत फोनवरचं ॲप फुकट मिळतं. कोडच्या प्रश्नोत्तरांपुरतं ठीक. प्रोग्राम लिहायला निरुपयोगी, कारण त्याच्या फॉन्टमध्ये प्रोग्राम नंबरचं 'ओ' अक्षर आणि शून्य सारखंच दिसतं. आयटीआयच्या संगणकावरच्या थिअरी परीक्षेसाठी भारत स्किल्सवरचे प्रश्नसंच फुकट आहेत, त्यासाठी हे ॲप उघडायची गरज नाही.

शेवटची अडचण फाइलची. सिम्युलेटरमधून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याची खूण नसते, आणि ती नसेल तर मशीन कार्डवरून प्रोग्राम घेत नाही. नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर ती टाका, दुसऱ्या ओळीवर ओ आणि चार आकडी नंबर. त्या नंबरचा प्रोग्राम मशीनमध्ये आधीपासून नाही ना, ते बघून घ्या. मेमरी भरली म्हणून जुने प्रोग्राम काढायची वेळ आली तर ९००० पासून पुढच्या नंबरांना हात लावू नका. ते मशीन बिल्डरचे मॅक्रो असतात.