नेरूळमधील आमच्या सोसायटीची सौर यंत्रणा : एका वर्षानंतरचा अभिप्राय

लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे सौर विजेवर चालावेत, या हेतूने आमच्या सात मजली सोसायटीने गेल्या वर्षी मार्चमध्ये गच्चीवर २० किलोवॉटची यंत्रणा बसवून घेतली. पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते आणि त्याची सगळी कागदपत्रे ठेकेदारानेच पूर्ण केली.

बसवणीचे काम उत्तम आहे. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने दिवसातून तीनदा गच्चीवर येऊन टाकीची सावली खडूने आखली आणि ३७ पॅनेल त्या रेषेबाहेरच मांडली. खाडीची खारी हवा लक्षात घेऊन नटबोल्टही स्टेनलेस स्टीलचे वापरले. मे महिन्यात दिवसाला नव्वदच्या आसपास युनिट मिळत होते. जुलैत ते निम्म्यावर आले, पण पावसाळ्यात हे अपेक्षितच होते.

तक्रार आहे ती न सांगितलेल्या गोष्टींची. मे महिन्यातच एकदा भर दुपारी वीज गेली आणि पॅनेलवर कडक ऊन असूनही लिफ्ट बंद पडली. पाचव्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन जिन्यातच बसल्या. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून वीज कंपनीच्या लाईनला जोडणारे यंत्र, स्वतःहून बंद होतो. नियम योग्यच आहे, मात्र तो करारापूर्वी समजायला हवा होता.

संध्याकाळचेही तसेच. लिफ्टची खरी गर्दी सात ते दहा या वेळेत असते. दिवसा लाईनला दिलेली जादा वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे बिलात वजावट मिळते खरी, पण त्या क्षणी येणारी वीज मुख्यतः कोळशाचीच असते. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजनिर्मिती क्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा (सौर, पवन, जल, अणू वगैरे) झाला, तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच पुढे आहे, कारण दुपारची वीज रात्रीसाठी साठवण्याची सोय तोकडी आहे. ठाणे जिल्ह्याच्या सीमेवर घाटघरच्या २५० मेगावॉट प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज बनवतात. त्यावरूनच आम्हाला सुचले आणि पहाटे व संध्याकाळी लागणारा पंप वॉचमन आता अकरा ते दोनमध्ये चालवतात. हा साधा सल्ला ठेकेदारानेच द्यायला हवा होता.

लिफ्टपुरत्या बॅटरीचे दरपत्रक मागून दोन महिने झाले, ते अजून आलेले नाही. बसवणीसाठी मी या ठेकेदाराची शिफारस करेन. साठवणीची सोय आणि दुरुस्तीची मुदत मात्र करारात लेखी घ्यावी.