पंधराव्या वर्षी सुरू झालेली कादंबरी : ख्रिस्तोफर पाओलिनी यांचा चार खंडांचा संच

अप्पा बळवंत चौकातून मुलीसाठी आणलेला ‘इन्हेरिटन्स’ मालिकेचा इंग्रजी संच मीच आधी वाचून संपवला. आठवी-नववीच्या वाचकांना तो मनापासून सुचवावासा वाटतो आणि त्यामागे कथेइतकेच लेखकाचे आयुष्यही कारण आहे.

१९८३ मध्ये जन्मलेले पाओलिनी अमेरिकेतील मोंटाना राज्यात वाढले, घरीच शिकले आणि शालेय अभ्यासक्रम पूर्ण होताच, पंधराव्या वर्षी, त्यांनी मालिकेतील पहिली कादंबरी ‘एरागॉन’ लिहायला घेतली. आईवडिलांनी ती २००२ मध्ये स्वतःच प्रकाशित केली. मुखपृष्ठ आणि नकाशा मुलाने काढला आणि मध्ययुगीन पोशाख चढवून तो शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून तिच्याविषयी बोलत हिंडला. कादंबरीकार कार्ल हायासन यांच्या सावत्र मुलाला ती आवडली, त्यातून नॉफ या प्रकाशनसंस्थेपर्यंत पोहोचली आणि २००३ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाली.

पहिल्या खंडात वर्णने लांबतात, कथेचा सांगाडाही ओळखीचा वाटतो. मात्र साफिरा ही ड्रॅगन आणि कथानायक एरागॉन यांचा मनोमन चालणारा संवाद फार हृद्य आहे, आणि २०११ मधील चौथ्या खंडापर्यंत लेखकाची भाषा कशी घट्ट होत गेली, हे चारही खंड सलग वाचताना स्पष्ट दिसते. लिहू पाहणाऱ्या मुलांनी तर त्यासाठीच ते वाचावेत.

इंग्रजी सोपे नाही. मराठी माध्यमातील मुलांसोबत सुरुवातीची प्रकरणे पालकांनी वाचावीत. खंड जाडजूड असल्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत घेणे उत्तम.